‘फुकट’ 160 एकर आणि स्वीडनचा शेतकरी: एका फॉरवर्डचा समाचार

लाल लाकडी घर, मागे पिकलेला गहू, दारात हसरं कुटुंब. खाली मजकूर: ‘1862 साली अमेरिकेने स्वीडनच्या उपाशी शेतकऱ्यांना 160 एकर जमीन फुकट दिली. त्यांनी स्वतःच्या हाताने लाकडी घरं बांधली, दुसऱ्याच वर्षी गव्हाच्या राशी लावल्या, कुणापुढे हात पसरला नाही. जमीन तर ओसाडच पडली होती. नाहीतर आमचा शेतकरी!’

शेवटच्या टोमण्याला उत्तर देण्याआधी, ज्याचा दाखला दिला जातोय तो माणूस तरी नीट पाहू. उदाहरण घेऊ अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या स्मोकी व्हॅलीचं. स्वीडनच्या वर्मलंड प्रांतातले लोक ओलोफ ओल्सन या पाद्र्याबरोबर 1869 साली इथे आले आणि त्यांनी लिंडसबर्ग वसवलं. मजकुरातलं ‘उपाशी’ मात्र खरं आहे. 1867 साली स्वीडनमध्ये पीक पाण्यात गेलं, 1868 साली उन्हाने करपलं, आणि त्यानंतर बोटी भरभरून माणसं निघाली.

‘फुकट दिली’

राष्ट्राध्यक्ष लिंकनने 20 मे 1862 रोजी होमस्टेड कायद्यावर, म्हणजे राहून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या कायद्यावर, सही केली आणि तो 1 जानेवारी 1863 पासून लागू झाला. त्यात जमिनीची किंमत नव्हती, पण फी होती. सगळी मिळून ती साधारण 18 डॉलर व्हायची: काही अर्ज करताना, उरलेली शेवटी पुरावा देताना. अर्जदार कुटुंबप्रमुख किंवा 21 वर्षांचा हवा. परदेशी असेल तर नागरिक होण्याचा इरादा आधी कागदावर जाहीर करायचा. त्या कागदात स्वीडिश माणसाला स्वीडन-नॉर्वेच्या राजाशी असलेली निष्ठा सोडायची असे. मग पाच वर्षं तिथेच राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, आणि शेवटी दोन साक्षीदार घेऊन जमीन कचेरीत पुरावा द्यायचा. तोवर नागरिकत्वही पुरं झालेलं हवं. ज्यांना पाच वर्षं थांबायचं नव्हतं, त्यांना सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर भरून जमीन मोकळी करून घेता यायची, म्हणजे विकतच. अर्ज केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांच्या हाती मालकीचा शेवटचा कागद कधी पडलाच नाही.

शिवाय स्मोकी व्हॅलीसारख्या ठिकाणी हा कायदा अर्धाच चालायचा. रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मैलांच्या पट्ट्यात एकआड एक सेक्शन कॅन्सस पॅसिफिक रेल्वेला मिळाला होता. सेक्शन म्हणजे 640 एकरांचा, मैल बाय मैलाचा चौरस. विषम क्रमांकाचे सेक्शन रेल्वेचे, ते विकत घ्यायचे. सम क्रमांकाच्या सेक्शनांत 1879 पर्यंत, यादवी युद्धात लढलेले सैनिक सोडले तर, होमस्टेडवाल्याला 160 नव्हे, 80 एकरच मिळत. लिंडसबर्गची वस्ती ज्या जमिनीवर झाली, ती शिकागोतल्या स्वीडिशांनी 1868 साली शेती कंपनी काढून रेल्वेकडून घेतली, पैसे मोजून.

‘लाकडी घरं बांधली’

लाकूड होतं कुठे? ओढ्याकाठी कॉटनवुड आणि विलोची चार झाडं, बाकी क्षितिजापर्यंत गवत. चित्रातलं लाल घर स्वीडनमधलं आहे. प्रेअरीवर, म्हणजे या गवताळ मैदानावर, पहिला निवारा म्हणजे टेकडीच्या उतारात खोदलेला डगआउट, नाहीतर ढेपांचं घर. आपल्याकडे धाब्याचं घर पाहिलेल्याला छत लगेच कळेल, भिंती मात्र वेगळ्या.

विशेष नांगराने गवताची जमीन एक फूट रुंद आणि तीन-चार इंच जाडीच्या सलग पट्ट्यांत कापत. कुदळीने पट्टीचे तीन-तीन फुटांचे तुकडे पाडत. एकेक ढेप जवळपास 50 पौंडांची, म्हणजे बावीस-तेवीस किलोंची. जमिनीला वाफसा असतानाच कापायचं, आणि त्या दिवशी रचून होईल तेवढंच. उरलेली ढेप रात्रभरात वाळते आणि सकाळी उचलताना तुटते. गवताची बाजू खाली ठेवून दोन किंवा तीन ढेपांच्या रुंदीची भिंत उभी करायची, सांधा सांध्यावर येऊ द्यायचा नाही, फटीत भुसभुशीत माती ठासायची आणि दर तिसऱ्या-चौथ्या थराला ढेपा आडव्या टाकायच्या, म्हणजे भिंत फाकत नाही. 16 बाय 20 फुटांच्या घराला अशा सुमारे 3 हजार ढेपा लागत, आणि घराचं वजन 90 टनांच्या घरात जाई.

खरी चूक व्हायची खिडकीपाशी. ओल्या ढेपा वाळताना भिंत कित्येक इंच खाली बसते. म्हणून चौकटीच्या वर सहा-आठ इंच जागा मोकळी सोडून तिच्यात गवत किंवा चिंध्या कोंबत. ही जागा ठेवली नाही, तर भिंतीचा भार चौकटीवर येऊन काच तडकते, आणि काच हीच त्या घरातली सगळ्यात महाग वस्तू. 1872 साली नेब्रास्कातल्या एका डगआउटच्या खर्चाची यादी शिल्लक आहे: एकूण पावणेतीन डॉलरच्या आसपास, त्यातला सव्वा डॉलर एकट्या खिडकीचा.

छत म्हणजे मधोमध आढं, त्यावर वासे, विलोच्या फांद्या, वाळलं गवत आणि वर पुन्हा ढेपा. उन्हाळ्यात आत गार, हिवाळ्यात ऊबदार, वणव्याला दाद न देणारं. पण दोन दिवस पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी बाहेर लख्ख ऊन असायचं आणि आत चिखल ठिबकत असायचा. म्हणून वाशांखाली मलमल ताणून बांधत. ती मातीबरोबर छतातून पडणारे साप-उंदीरही झेलायची. आढं बारीक असेल तर भिजलेलं छत सरळ खाली येई.

‘दुसऱ्याच वर्षी गव्हाच्या राशी’

ज्याने हराळीचं रान मोडलंय त्याला हे वाक्य खटकेलच. प्रेअरीच्या गवताच्या मुळ्या हजारो वर्षं एकमेकींत गुंतलेल्या. घरून आणलेला साधा नांगर त्यात चालत नसे. पोलादी फाळाचा, पुढे गोल कातर लावलेला मोठा नांगर आणि तो ओढायला तीन ते पाच बैलजोड्या लागत. नव्या माणसाकडे एक जोडी असली तरी पुष्कळ. म्हणून नांगरट भाड्याने करून घ्यायची, एकरी तीन ते पाच डॉलर. चाळीस एकरांचे झाले 120 ते 200 डॉलर, म्हणजे सरकारी फीच्या सात ते अकरा पट. मजकूर लिहिणाऱ्याने हा आकडा कुठेच धरलेला नाही. आणि चालणं? नांगराचा तास (सरी) एक फूट रुंद धरला, तर एका एकराला सव्वाआठ मैल, चाळीस एकरांना 330 मैल.

वेळ चुकली तर हे सगळं वाया. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत, गवत जोमात वाढत असताना, दोन-तीन इंचच खोल नांगरून पट्टी सपाट उलटायची. मग मुळ्या कुजतात. फार लवकर किंवा उशिरा नांगरलं तर गवत पुन्हा उठतं. खोल नांगरलं तर जाड ढेप वर्षभर कुजत नाही. उन्हाळा सरताना तीच जमीन थोडी खोल, उलट्या बाजूला परतायची, तेव्हा कुठे गव्हाजोगं रान तयार होतं. पहिल्या वर्षी हाती येई ते ‘सॉड कॉर्न’: उलटलेल्या ढेपेत कुऱ्हाडीने चीर पाडायची, मक्याचे तीन-चार दाणे टाकायचे, टाचेने दाबायचे.

नेमका हाच मका 1874 साली गेला. जुलै-ऑगस्टमध्ये रॉकी पर्वतांकडून टोळ उतरले, तेव्हा कॅन्ससमधला बराचसा गहू निघालेला होता, मका मात्र उभा होता. जुन्या शेतकऱ्याचं निम्मं वाचलं, नव्याचं सगळं गेलं. टोळांनी कांदे जमिनीतून पोखरून खाल्ले, घामाने खारटलेले अवजारांचे दांडेही कुरतडले.

‘कुणापुढे हात पसरला नाही’

त्याच हिवाळ्यात लष्कराच्या साठ्यातले कोट आणि बूट वाटले गेले. 1875 साली अमेरिकी काँग्रेसने अन्नासाठी दीड लाख आणि बियाण्यासाठी 30 हजार डॉलर मंजूर केले. टोळांनी उद्ध्वस्त केलेल्यांना हक्क न गमावता जमीन सोडून मजुरीला जायची तात्पुरती सवलतही कायद्याने मिळाली. एरवीही एकटा माणूस तिथे तगत नसे. बैल शेजाऱ्याचे, मळणीला अख्खी वस्ती, पुराव्याच्या दिवशी साक्षीलाही शेजारीच. लिंडसबर्गमध्ये तर पाद्री आणि चर्च आधीपासून बरोबर होतं.

‘जमीन ओसाडच पडली होती’

इथले मूळ रहिवासी काव, म्हणजेच कान्सा. त्यांचंच नाव कॅन्सस राज्याला आहे. त्यांनी 1825 च्या करारात आपली बहुतेक जमीन सोडली. 1846 साली आणखी 20 लाख एकर गेले, एकरी सुमारे दहा सेंटने. 1859 साली कौन्सिल ग्रोव्हजवळ 9 बाय 14 मैलांचा तुकडा त्यांच्याकडे उरला. ओल्सन आणि मंडळी आली तेव्हा काव लोक तिथेच होते. 1873 साली त्यांना दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या प्रदेशात, हलवण्यात आलं.

काव लोक ज्या बायसनच्या, म्हणजे अमेरिकी रानगव्यांच्या, शिकारीवर जगत, तेही तेवढ्याच वर्षांत शिकाऱ्यांनी संपवले. लाकूड नसलेल्या रानात नव्या वसाहतकऱ्यांची चूल पेटायची ती याच जनावरांच्या वाळलेल्या शेणावर, आपल्या भाषेत रानशेणींवर. त्या संपल्यावर गवताचे पीळ आणि मक्याची बुरकुंडं जाळायची वेळ आली. पीक बुडालेल्या वर्षी माणसं गाडी घेऊन रानभर बायसनची हाडं वेचत. खत आणि साखर कारखान्यांसाठी ती रेल्वेस्टेशनवर टनाला सहा-आठ डॉलरने विकली जात, आणि परतीच्या गाडीत पीठ यायचं.