खुलासा : डीएलएल फाइल ‘सिस्टम३२’मध्ये टाकून गेम दुरुस्त होत नाही

‘एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडली नाही’ असं म्हणत गेम उघडत नसेल, तर ती फाइल (डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती कोडची फाइल) नेटवरून उतरवून विंडोजच्या ‘सिस्टम३२’ फोल्डरात पेस्ट करा, असा सल्ला सगळीकडे फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि धोक्याचाही. कुठल्याही साइटवरच्या सुट्या डीएलएलमध्ये काय भरलंय, कोण सांगणार?

घोळ नावातच आहे. ६४ बिट विंडोजमध्ये ‘सिस्टम३२’त ६४ बिट फाइली असतात आणि ‘सिसवॉव६४’ या शेजारच्या फोल्डरात ३२ बिट. हो, उलटंच! नाव बघून ३२ बिट फाइल ‘सिस्टम३२’त टाकली, की ६४ बिट गेमला पहिला एरर जाऊन ‘०एक्ससी०००००७बी’ हा दुसरा एरर येतो. शिवाय ही फाइल एकटी नसते. व्हीसीरनटाइम१४० वगैरे भावंडं सोबत लागतात.

आधी पेस्ट केलेली फाइल काढा. मग मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबलचे (या सगळ्या फाइली एकत्र टाकणारं पॅकेज) एक्स८६ म्हणजे ३२ बिट आणि एक्स६४ म्हणजे ६४ बिट असे दोन्ही इन्स्टॉलर चालवा. विंडोज ६४ बिट असलं तरी गेम ३२ बिट असू शकतो, म्हणून दोन्ही. आधीच असतील तर ‘रिपेअर’ दाबा, पीसी रीस्टार्ट करा. जुन्या आवृत्त्या अनइन्स्टॉल करू नका. २०१० किंवा २०१३ची आवृत्ती मागणाऱ्या गेमला नवी चालत नाही.

‘डी३डीएक्स९_४३.डीएलएल’ मागत असेल तर प्रकरण वेगळं. ती डायरेक्टएक्सची, म्हणजे गेमचं ग्राफिक्स चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरची, जुनी फाइल. डायरेक्टएक्स १२ असूनही ती विंडोजसोबत येत नाही. जून २०१०चा डायरेक्टएक्स रनटाइम टाकावा लागतो. स्टीमवरच्या गेमच्या फोल्डरात ‘_कॉमनरीडिस्ट’ हा असे इन्स्टॉलर ठेवलेला फोल्डर असेल तर आधी तिथेच बघा.