आधी पसायदानाची अक्षरं मोजा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'यमक नाही ती कविताच नाही. मुक्तछंद हे इंग्रजांचं उष्टं. वृत्त जमत नाही म्हणून नवकवी गद्याचे तुकडे पाडतात.' कडोली-येळ्ळूरच्या संमेलनांना न चुकता जाणारी मंडळीही तो पुढे ढकलतायत, म्हणून हे लिहितोय.

यमकाचं लगेच उरकतं. 'मेघदूत' मंदाक्रांता वृत्तात आहे. चरणाला १७ अक्षरं, लघुगुरूंचा (ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांचा) क्रम पक्का, पण चरणांती यमक नाही. मग कालिदासाला कवी म्हणायचं नाही का? वृत्त वेगळं, यमक वेगळं.

आता उष्ट्याचं, म्हणजे ठरलेल्या वृत्ताशिवाय लिहायचा मुक्तछंद इंग्रजांकडून आला या दाव्याचं. पसायदान आपल्याला शाळेपासून पाठ आहे, बोटांवर मोजा. 'आतां विश्वात्मकें देवें' ८ अक्षरं, 'येणें वाग्यज्ञें तोषावें' ८, 'तोषोनि मज द्यावें' ७, 'पसायदान हें' ६. पुढची ओवी 'जे खळांची' घेतली तर ९, ९, ८, ५. दोन्हींची मापं वेगळी, शेवटचा चरण बिनयमकाचा, तरी म्हणताना कुठे अडखळत नाही. ओवी म्हणजे मुक्तछंद नव्हे, पहिल्या तीन चरणांचं यमक तिला बांधून ठेवतं. पण चरण लांब-आखूड करायची मोकळीक मराठीत ज्ञानेश्वरीच्या काळी, १२९० सालीही होती. त्याहून मोकळं हवं तर कन्नडच्या तासाला घोकलेली बसवण्णांची वचनं आठवा. बाराव्या शतकातली, ठरलेलं वृत्त नाही, शेवटी कूडलसंगमदेवाची नाममुद्रा, म्हणजे कवीची ओळखखूण. (सीमाप्रश्नावर हवं तेवढं भांडू, पण वचनांना इंग्रजी कसं म्हणणार?) खरंच इंग्रजीवरून आलं ते सुनीत, म्हणजे सॉनेट. केशवसुतांनी आणलं. १४ ओळी, बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात. ते मात्र या मंडळींना चालतं!

राहिलं 'वृत्त जमत नाही'. मर्ढेकरांची उंदरांची कविता विचित्र म्हणून नावं ठेवायला सगळे पुढे. 'पिपात मेले ओल्या उंदिर'च्या मात्रा मोजा (लघु अक्षराची १, गुरूच्या २): पिपात ४, मेले ४, ओल्या ४, उंदिर ४. चक्क पादाकुलक, १६ मात्रांचं वृत्त. नवकवितेचा म्होरक्याच वृत्तात लिहितोय.

गद्याचे तुकडे पाडणारे आहेत, नाही कोण म्हणतंय? ओळी सलग लिहून काहीच बिघडत नसेल तर ते गद्यच. पण मग रोज सकाळी 'जीवन'ला 'यौवन' जुळवून येणाऱ्या चारोळ्याही एकदा सलग लिहून बघा.