भाकरी आचेवर टेकवली तर काय बिघडतं?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो निरोप पुन्हा फिरतोय. सार एवढंच, की पोळी, फुलका, भाकरी गॅसच्या ज्योतीवर धरू नका, कॅन्सर होतो. कारणं चार दिली आहेत: ज्योतीमुळे घातक रसायनं तयार होतात, करपलेले डाग विषारी असतात, गॅसमधले वायू पोळीत शिरतात, आणि जुन्या बायका सगळं तव्यावरच फडक्यानं दाबून भाजायच्या. शेजारच्या काकूंनी ते वाचून त्यांच्या पोळ्यावाल्या मावशींना भाकरी आचेवर धरायला मनाई केली. त्या दिवशी काकांच्या ताटात जी भाकरी आली ती मधे ओलसर, दाताला चिकटणारी. अर्धी तशीच राहिली. भाकरी टाकून उठलेले काका मी आजवर पाहिले नव्हते, म्हणून हे लिहायला बसले.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यात चुकीचा आहे. पुण्यात आपण रोज खातो ती घडीची पोळी मुळात ज्योतीवर जातच नाही. तेलाचं बोट फिरवून घडी घातली की तिचे पदर तव्यावरच सुटतात. प्रश्न आहे फुलक्याचा आणि भाकरीचा. भाकरी तर चुलीच्या काळापासून विस्तवाला लावूनच भाजली जाते. माझी आजी भोरकडची. तव्यावरची भाकरी काढली की ती चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी टेकवायची, बोटांनी जरा जरा फिरवत राहायची, आणि तोवर तव्यावर दुसरी पडलेली असायची. आज आपण बर्नरवर धरतो ती त्याच सवयीची पुढची पायरी.

त्याला कारणही आहे. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ कढत पाण्यात भिजवावं लागतं. त्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो, नाहीतर थापतानाच कडा फाटतात. थापलेली भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकत आलं की उलटायची आणि ही बाजू तव्यावर नीट भाजून घ्यायची. पहिली बाजू मात्र अजून अर्धीकच्चीच असते, ती जाते आचेवर. तिथे एकदम धग लागली की आतल्या पाण्याची वाफ होते, पापुद्रा वर उचलला जातो आणि ती वाफच भाकरी आतून शिजवते. हेच काम तव्यावर दाबून करायचं म्हटलं तर वेळ जास्त लागतो. घाई केली की मधे कच्ची राहते, ठेवून दिली की वातड होते.

आता रसायनं. निरोपात दोन नावं आहेत, हेटरोसायक्लिक अमाइन्स आणि पीएएच (पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन्स). पहिली तयार व्हायला क्रिएटिन लागतं, आणि ते असतं मांस-मासळीच्या स्नायूंत. ज्वारीच्या किंवा गव्हाच्या पिठात ते येणार कुठून? पीएएच मुख्यतः धुरातून येतात. निखाऱ्यावर मांस भाजताना चरबी गळते, जळते आणि तो धूर मांसाला लागतो. भाकरीतून गळायला काही नसतं. इथे एक गोष्ट मात्र मी मान्य करते: ज्योत पिवळी असेल तर गॅस पुरता जळत नाही, काजळी धरते, आणि काजळीत पीएएच असतात. तेव्हा पिवळ्या ज्योतीवर भाकरी धरू नये हे खरं.

काळ्या डागांचा मुद्दा अ‍ॅक्रिलामाइडचा आहे. हे रसायन तळलेल्या-भाजलेल्या पिठूळ पदार्थांत तयार होतं, हे २००२ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं. धान्यातलं अ‍ॅस्परजिन नावाचं अमिनो आम्ल आणि साखर १२० अंशांच्या वर, कोरड्या जागी एकत्र आले की ते बनतं. त्याला उष्णता लागते, मग ती ज्योतीची असो की तव्याची. तापलेला तवा १२० अंशांच्या बराच वर असतो, म्हणजे तव्यावर दाबून लालभडक केलेल्या पोळीतही ते असणारच. फुलका ज्योतीवर असतो काही सेकंद, आणि आत पाणी आहे तोवर आतलं तापमान शंभराच्या आसपासच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अ‍ॅक्रिलामाइडला १९९४ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' अशा २अ गटात टाकलं. त्याच गटात ६५ अंशांहून गरम पेयं आहेत, रात्रपाळीही आहे. हा गट पुरावा किती भक्कम ते सांगतो, एका भाकरीनं किती धोका ते नाही. कोळसा झालेला भाग खरवडून टाकावा, बदामी ठिपके खुशाल खावेत.

राहिले वायू. एलपीजी म्हणजे प्रोपेन-ब्युटेन, पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. जळताना थोडा नायट्रोजन डायऑक्साइड होतो, हे खरं. थेट ज्वलनाच्या गरम हवेत कित्येक तास सुकवलेल्या जवामुळे बिअरमध्ये अशा वायूंपासून बनणारी नायट्रोसामाइन्स ही घातक रसायनं सापडल्याचं १९७०च्या दशकाच्या अखेरीस उघड झालं होतं, तेव्हा शंका अगदी हवेतली आहे असं मी म्हणणार नाही. पण कुठे ते कित्येक तास आणि कुठे हे काही सेकंद.

हा नायट्रोजन डायऑक्साइड जातो तो भाकरीपुढे उभ्या असलेल्या बाईच्या छातीत. त्यानं श्वासनलिकेला त्रास होतो, दमा असेल तर वाढतो. मावशी सकाळपासून पाच घरी पोळ्या करतात. आपल्या नव्या फ्लॅटांत ओटा आत आणि खिडकी ड्राय बाल्कनीच्या पलीकडे, आवाज नको म्हणून एक्झॉस्ट बंद. निरोप पाठवणाऱ्या एकानंही याबद्दल अक्षर लिहिलेलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

काल काकूंकडे गेले. बर्नर उचलून पाहिला तर निम्मी भोकं पिठानं बुजलेली, ज्योत एका अंगानं पिवळी. पिनेनं भोकं मोकळी केली, घासून, पुसून कोरडा करून परत बसवला. काकूंनी ड्राय बाल्कनीचं दार उघडलं आणि एक्झॉस्ट लावला. निळ्या ज्योतीवर मावशींनी भाकरी टेकवली, ती टम्म फुगली. काकांनी पापुद्रा सोडवला, आत तेल-मीठ घातलं आणि पिठलं यायच्या आधीच खायला सुरुवात केली.