पाटील पाटील भाऊबंद नसतात, तसंच ‘एनर्जी’ आणि ‘ऊर्जा’चं

नमस्कार भाऊ,

ऊर्जेशी जोडलेल्या इंग्रजी शब्दांच्या मुळांवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून दोन दिवस काही लिहिलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘एनर्जी’ हा आपल्या ‘ऊर्जा’चाच बिघडलेला उच्चार आहे आणि मी ते दडवलं, बॅटरीबद्दल मी चुकीचं लिहिलं, आणि जिथे शेतकरी रात्री बाराला पाणी भरायला उठतो, तिथे इंग्रजी शब्दांची मुळं उकरून कोणाचं भलं होणार?

आपल्या जळगाव-धुळ्याकडे गावोगाव पाटील. सगळेच भाऊबंद असते तर सोयरिकी कुठे केल्या असत्या? शब्दांचंही तसंच, नुसत्या आडनावावर जाता येत नाही. ‘एनर्जी’ ग्रीक ‘एनर्गेइया’वरून आला. ‘एन’ म्हणजे आत, ‘एर्गॉन’ म्हणजे काम. अंगातलं सामर्थ्य प्रत्यक्ष कामात उतरणं, या अर्थाने अ‍ॅरिस्टॉटलने तो वापरला. ‘एर्गॉन’च्या आरंभी जुन्या ग्रीकमध्ये ‘व’ होता, तो पुढे गळाला. तो परत लावून बघा, शेजारी इंग्रजीतला ‘वर्क’ उभा दिसेल. तोच त्याचा खरा चुलतभाऊ.

आपल्या ‘ऊर्ज’मध्ये काम नाही, त्यात रस आहे, पुष्टी आहे, अंगात भरणारं बळ आहे. शुक्ल यजुर्वेद ‘इषे त्वोर्जे त्वा’ (अन्नासाठी तुला, बळासाठी तुला) असाच सुरू होतो. कार्तिकाचं जुनं नावही ‘ऊर्ज’. घरात कापूस येत असतो त्या महिन्याला हे नाव, मला तरी ते फार आवडतं! पदार्थविज्ञानातला अर्थ मात्र ‘एनर्जी’ला इंग्लंडात चिकटला. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगची व्याख्यानं १८०७ मध्ये छापली गेली, त्यांत तो दिसतो. तोवर जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने दिलेलं ‘जिवंत बल’ अशा अर्थाचं लॅटिन नाव चालत होतं. आपल्याकडे विज्ञान मराठीत आणताना तो नवा अर्थ जुन्या ‘ऊर्जे’च्या ओटीत घातला गेला. म्हणजे ऊर्जा विलायतेला गेलीच नाही, तिकडचा अर्थ हिच्या घरी राहायला आला.

नातंच शोधायचं असेल तर ‘इंधन’ घ्या. त्यातला ‘इंध्’ म्हणजे पेटवणं. ‘समिधा’ त्याच धातूची. ग्रीकमध्ये ‘जळणे’साठी ‘ऐथो’ हे क्रियापद आहे, ‘ईथर’ (वरचं तेजस्वी आकाश) त्याच्याच घरातला. इथे नातं खरं आहे, पण तेही भावंडांचं. कोणी कोणाचा बाप नाही.

आता शेतकऱ्याचं. भाऊ, मीही बांधावर वाढलो आहे. ‘लाईट उनी का?’ हा प्रश्न माझ्याही घरात जेवणाआधी विचारला जायचा. लाईट, पावर, करंट हे तिन्ही शब्द आपण एकाच वस्तूसाठी वापरतो आणि नेमकं तिथेच आपलं नुकसान होतं. जेम्स वॉटला वाफेचं इंजिन अशा लोकांना विकायचं होतं ज्यांच्याकडे घोडे होते. म्हणून त्याने हिशेब घोड्यांत मांडला: मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट वर उचलणं म्हणजे एक हॉर्सपॉवर. (तो आपल्याकडे जन्मला असता तर मोटेच्या बैलजोडीवर मोजून मोकळा झाला असता.) एक एचपी म्हणजे सुमारे ७४६ वॅट, आणि हजार वॅट तासभर वापरले की एक युनिट. पाच एचपीची मोटर पूर्ण भारावर, मोटरमधला तोटा सोडला तर, तासाला साधारण पावणेचार युनिट ओढते, आठ तासांत तीस. एचपी ही शक्ती, म्हणजे कामाचा वेग; युनिट ही ऊर्जा, म्हणजे एकूण किती वापरलं ते. मीटर नसलेल्या कृषिपंपाची आकारणी एचपीवर होते, म्हणजे मोटर चार तास चालो की दहा, कागदावर फरक नाही. २०२४ पासून मोफत विजेची मर्यादाही ७.५ एचपी अशी शक्तीतच घातली आहे. प्रत्यक्षात किती युनिट जळली, हा प्रश्न बिनमीटरच्या शेतात कोणी विचारतच नाही. शब्दांची मुळं उकरताना मला हे सापडलं. तुम्हाला फालतू वाटत असेल तर वाटो.

आणि इंग्रजीचा इतका राग धरायचा, तर घासलेटचं काय करायचं? तो ‘गॅसलाइट’च आहे, आपल्या जिभेवर घासून गोल झालेला. रॉकेल म्हणजे ‘रॉक ऑइल’. ‘पेट्रोलियम’ची लॅटिनमधली फोड केली तर तेच निघतं: पेत्रा म्हणजे खडक, ओलेउम म्हणजे तेल. ‘केरोसीन’ मात्र वेगळं, ग्रीक ‘केरॉस’ म्हणजे मेण. माझी आजी कंदिलात घासलेट घालायची, तेव्हा तिला हे इंग्रजी आहे असं कोणी सांगितलं असतं तर तिने त्यालाच वेड्यात काढलं असतं.

राहिली बॅटरी. तिथे तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकलो. विजेसाठी हा शब्द इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञाने आणला असं मी लिहिलं होतं. व्होल्टाची वीज देणारी धातूच्या चकत्यांची चळत १८०० ची, पण त्याच्या पन्नासेक वर्षं आधी अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने वीज साठवणाऱ्या काचेच्या तावदानांच्या रांगेला ‘बॅटरी’ म्हटलं होतं. शब्द तोफांच्या रांगेचा, मूळ फ्रेंच ‘बात्र’, म्हणजे मारणे. रात्री बाऱ्याला (पिकाला पाणी द्यायला) जाताना आपण हातात धरतो ती ‘बॅटरी’ म्हणजे खरं तर टॉर्च, तो विषय पुन्हा कधीतरी. मूळ लेखातली ओळ आज दुरुस्त केली आहे.