दुसऱ्याचा माळा रिकामा कसा करावा

दिवाळी जवळ आली की दुसऱ्याचं घर साफ करायची उबळ काही लोकांना येते. तुम्ही त्यातले असाल तर हे तुमच्यासाठीच. पुण्याहून गाडी काढून सांगलीला येता, गावभागातल्या जुन्या घरात चप्पल काढायच्या आत मान वर करून माळ्याकडे बघता आणि म्हणता, "काकू, केवढा पसारा हा!" तुमची ही कळकळ वाया जाऊ नये म्हणून चार गोष्टी सांगून ठेवते.

मुहूर्त नीट काढा. घरची बाई घरात असताना माळ्याला हात लावायचा नाही. ती बहिणीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेली आहे, रात्री तिथंच राहणार आहे, अशी संधी साधावी. फोन करून विचारू नये. विचारलं की माणूस "नको" म्हणतो, मग सगळाच खोळंबा.

प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षभरात वापरली का? मोबाइलवरच्या व्हिडिओत कुणी बाई हा प्रश्न विचारतात म्हणे. फार गुणकारी आहे. शालूला विचारा, आजोबांच्या काठीला विचारा, सगळे नापास होतात. तुमच्या फ्लॅटमधल्या ट्रेडमिलला मात्र विचारू नका. तिच्यावर टॉवेल वाळतात, म्हणजे ती वापरात आहे.

रुखवताचं सामान आधी काढा. मण्यांचा पोपट, लोकरीचं कुत्रं, काड्यापेटीच्या काड्यांचं 'सुस्वागतम्'. दिसायला भयंकरच असतं ते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

फोटो मोबाइलमध्ये घ्या, फ्रेमा भंगारात द्या. पुढच्या वर्षी मोबाइल बदला.

आता पितळ. इथं मात्र जपून. भांड्यावरचं नाव चुकूनही वाचायचं नाही, कारण वाचलं की हात अडतो. पूर्वी भांड्यांच्या दुकानात नाव घालणारा माणूस बसलेला असे. खटखट करत ठिपक्याला ठिपका लावून तो अक्षरं काढायचा. माझ्या पातेल्यावर होतं, "चि. सौ. कां. हिस आत्याकडून सप्रेम भेट, १४-५-७८". त्याचा अंदाज चुकला होता, त्यामुळं 'भेट'मधला 'ट' काठावर चढून बसला होता आणि तारीख खाली एकटीच लोंबत होती. आत्यानं त्यावरून दुकानदाराशी भांडण काढलं आणि दोन रुपये कमी करून घेतले. हेही ती पुढं प्रत्येक लग्नात सांगायची.

बरं, पातेलं केवढं? दोन खोल्यांच्या संसाराला पन्नास माणसांच्या आमटीचं! सासूबाईंनी मांडवातच विचारलं होतं, "यात आमटी करायची का सुनेला बसवायचं?" पण पुढं वाड्यात कुणाचं बारसं असो, मुंज असो की बारावा, पातेलं पहिलं आमच्याकडून जायचं. चार घरची भांडी एका चुलीवर आली तरी नावावरून आपापल्या घरी परत जायची, नावं घालायची ती त्यासाठीच. कार्याच्या आधी कल्हईवाला बोळात बसायचा. भाता चालू, पातेलं लालसर तापलं की नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा भपकारा उठायचा, कथिलाची कांडी आतून फिरायची आणि कापसाच्या एका फटक्यात आतली बाजू आरशासारखी लख्ख. पोरं खोकत खोकत बघत उभी राहायची. चिंच-आमसुलाची आमटी कल्हई नसलेल्या पितळेत कळकते, एवढं शहाणपण तेव्हा पोरासोरांनाही होतं. तुम्हाला मात्र पितळ म्हटलं की किलोचा भाव आठवतो. मोडवाल्यानं कल्हईची घट धरून वजन केलं म्हणे आणि वर एक प्लॅस्टिकचा टब फुकट दिला. आमच्या चिरंजीव पुतण्यानं तो टब न्हाणीघरात ठेवून मला फोटो पाठवला. फोटोखाली शाबासकीचा अंगठा!

अरे, त्याच पातेल्यात तुला आंघोळ घातलीय. तुझी आई तापानं पडली होती, मोठं घंगाळ शेजारी गेलेलं, आणि तू सव्वा महिन्याचा, पातेल्याला लाथा मारत होतास. तुला आठवत नसणार. आठवायचं काम पातेल्याचं होतं, ते तू विकलंस.

जाऊ दे. सल्ला चालू होता.

कंदील दिसला तर "गंजलाय" म्हणा आणि त्याच फेरीत काढा. आमचा प्रभाकर कंदील होता, ओगलेवाडीचा. कऱ्हाडजवळ १९१६ साली ओगल्यांनी काचेचा कारखाना काढला. परदेशी कंदिलांच्या दिवसांत त्यांचा हा देशी कंदील घरोघर गेला. मामाची निम्मी नोकरी तिथं झाली. त्यानं भाचीच्या लग्नात आहेर म्हणून काय द्यावं? स्वतःच्या घरातला, आधीच वापरलेला कंदील! टाकीच्या बुडाला खिळ्यानं 'मामा' कोरून. वीज आलेल्या घरात कंदील आला म्हणून मांडवभर हशा. मीसुद्धा मनातून जळफळले, कारण थोरल्या बहिणीला त्यानंच घड्याळ दिलं होतं.

२००५ च्या पुरात वीज गेली आणि जिन्यात हाच कंदील लावून बसलो. शेजारच्या दोन बिऱ्हाडांनी त्याच्याच उजेडात आमच्याकडं पिठलं-भात खाल्ला. त्यानंतर हसायची कुणाची छाती झाली नाही. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. खालच्या मजल्यावर टीव्ही, फ्रिज, कपाट, दिवाण, सगळं चिखलात गेलं. कपाटाचं लाकूड फुगून दार उघडेना, पहारीनं फोडलं. त्या वर्षी वाचलं ते एवढंच, जे पाणी चढायला लागल्यावर रात्रीतून वरच्या मजल्यावरच्या माळ्यावर चढवलं होतं: धान्याचे डबे, घराची कागदपत्रं, पातेलं आणि कंदील. फ्रिज सोडून पातेलं उचललं म्हणून घरच्यांनी तेव्हाही मला वेड्यात काढलं होतं. कृष्णामाईनं सोडलेलं सामान पुण्याच्या एका सुट्टीवर आलेल्या इंजिनियरनं एका दुपारीत संपवलं.

आणि हाच इंजिनियर रविवारी बायकोला घेऊन वाड्यासारख्या सजवलेल्या हॉटेलात जातो. छताला कंदील टांगलेले, भिंतीवर पितळी पातेली पालथी मारलेली, थाळीचा भाव तसाच छताला टेकलेला. तिथं उभं राहून फोटो काढतो आणि खाली लिहितो, 'मुळांकडे'. मुळं तू मोडीत घातलीस, गाढवा. भाड्याची मुळं बघायला पैसे मोजतोस.

उपरोध वगैरे राहू दे आता. सरळ विचारते. तुम्हाला हा अधिकार दिला कुणी? माळा माझा, शिडी माझी, आत्या माझी. तुम्हाला नको असेल तर नेऊ नका, कुणी तुमच्या गळ्यात बांधत नाही. मी गेल्यावर सगळं मोडीत घाला, तेव्हा भांडायला मी येणार नाही. पण मी जिवंत आहे, माझा फोन लागतो, मला ऐकू येतं. "काकू, हे देऊ का?" हे विचारायला किती वेळ लागला असता? मोडवाल्याशी किलोमागं भाव करायला वेळ होता ना? मोडीच्या दुकानात मी दुसऱ्या दिवशी जाऊन आले. माल आदल्या संध्याकाळीच टेम्पोत भरून गेला होता. दुकानदार बिचारा हळहळला, म्हणाला, "नाव होतं त्यावर, मी वाचलं. विचारलंही त्यांना. ते म्हणाले, जुनंच आहे."

मोडवाल्यानं वाचलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं?

पाठवलेले पैसे परत केलेत, खात्यावर बघा. टब गाडीच्या डिकीत टाकलाय, जाताना घेऊन जा आणि तुमच्या बाल्कनीत ठेवा. भाऊबीजेला या, चिवडा-चकली खा, गप्पा मारा, झोपा. शिडीला मी कुलूप लावलंय आणि किल्ली कुठं आहे ते विचारायचं नाही.