फेरफाराला तरी हरकत घेता येते

परवा संध्याकाळी पानठेल्यासमोरच्या पारावर घराणेशाहीचा विषय निघाला. आबाजी आधीच तापलेले.

"काऊन बाप्पा, कास्तकाराच्या पोरानं बापाचं वावर वाह्यलं तं चालते, मंग पुढाऱ्याच्याच पोरानं काय पाप केलं? पुसदच्या नाईकांचं पाहा. वसंतराव 1963 ते 75 मुख्यमंत्री, पुतणे सुधाकरराव 1991 ले. 72 च्या दुष्काळात माही माय सरकारी कामावर खडी फोडाले जाये. त्याच्यावर आमचं घर जगलं. घरानं एक हाय म्हणून काम खोटं होते का?"

मी गप्प राहिलो. आईची खडी आठवणाऱ्या माणसाशी घाईने वाद घालू नये, आणि ते काम खोटं नव्हतंच.

गुरुजी म्हणाले, "आबाजी, वावराचीही वारसनोंद अशीच होत नाई. तलाठी नोटीस काढते, 15 दिवस हरकती मागते, मंगच फेरफार मंजूर होते. तिकिटाच्या फेरफाराले हरकत कोनाकडं घ्याची?"

कॉलेजात शिकणारा पुतण्या मधे पडला. "जपानात तं याले तीन शब्दच हायेत, काका. जिबान, कानबान, काबान. मतदारसंघात बांधून ठेवलेली मानसं, नावाची पाटी अन् पैशाची थैली. पुढं पंतप्रधान झालेला शिंझो आबे 1993 ले बापाच्याच मतदारसंघातून निवडून आला. आईचा बाप आधीच पंतप्रधान होऊन गेलता."

मला आपलाच तालुका दिसला. शाळेची संस्था घरची, जिनिंग घरची, सोसायटीवर माणूस घरचा. संस्थेतल्या मास्तरांनी प्रचाराला नाही म्हणायचं कसं?

"मंग कायदाच करा ना," ठेलेवाला चुना लावता लावता बोलला.

"फिलिपिन्सनं 1987 च्या राज्यघटनेतच मनाई लिहिली," पुतण्या म्हणाला. "पन घरानेशाही कशाले म्हनाचं हे कायद्यानं ठरवाचं ठेवलं, अन् कायदा करनारे त्याच घरान्यातले. 2022 ले जुन्या राष्ट्राध्यक्षाचा, मार्कोसचा, पोरगा राष्ट्राध्यक्ष झाला, अन् मावळत्या राष्ट्राध्यक्षाची, दुतेर्तेची, पोरगी उपराष्ट्राध्यक्ष."

"पन मत लोकंच देतेत ना?" आबाजी हटेनात. "कोनी हात धरते का?"

तेव्हा मला बोलावंच लागलं. माझ्या मावसभावाने पाच वर्षं लोकांच्या विहिरींच्या फायली फिरवल्या, पीक विम्याचे अर्ज भरून दिले, बाळंतपणाला रात्री गाडी काढली. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत अर्जाच्या शेवटच्या दिवशी तो अनामत भरून तहसीलच्या आवारातल्या निंबाखाली बसला होता. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीचं पत्र, पाठवतो, असा निरोप होता. मुदत दुपारी तीनची. तीनला दहा कमी असताना गाडी आली. फॉर्मवर नेत्याच्या सुनेचं नाव होतं. आमच्या गावाने तिला तोवर पाहिलंही नव्हतं. भाऊ फाईल काखेत धरून तसाच उभा राहिला. चिन्ह सुनेकडे गेलं, मतंही गेली.

"लोकांचा नंबर तीन वाजल्यावर लागला, आबाजी. त्याच्या आधीच निवड होऊन गेली होती. गावातल्या पक्षाच्या सभासदांना जमवून, चिठ्ठ्या टाकून उमेदवार ठरवला असता, तर तिथे सूनही उभी राहिली असती आणि हाही. मग ती जिंकली असती तरी माझी हरकत नव्हती."

आबाजींनी सुपारी कातरायची थांबवली.

"सभासदाची पावती तं माह्यापाशीही हाय," ते म्हणाले. "मले कोनी इचारलं नाई."