रेंडर अंधारलेला दिसतोय म्हणून लाइट वाढवू नका

घराच्या इंटिरियरचे रेंडर, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून संगणकाने बनवलेली चित्रं, काढणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. स्केचअप असो, ब्लेंडर असो की थ्रीडीएस मॅक्स, नवशिक्याने "माझा रेंडर काळपट, मळका येतोय" म्हटलं की कोणीतरी तो तयारच ठेवलेला असतो. मजकूर साधारण असा: लाइटची तीव्रता वाढवत न्या. तरी कोपरे काळे राहिले तर खोलीच्या मधोमध एक न दिसणारा लाइट टांगा. भिंती आणि छत शुद्ध पांढरं करा, म्हणजे उजेड पसरेल. सगळे लाइट एकाच पांढऱ्या रंगाचे ठेवा, म्हणजे मटेरियलचे रंग खरे दिसतील. सॅम्पल्स, म्हणजे चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी मोजायच्या किरणांची संख्या, वाढवा. उरलंसुरलं फोटोशॉपमध्ये निस्तरा.

यातलं एकूण एक चूक आहे असं नाही. पण सगळं एकत्र पाळलं की ठरलेलं चित्र हाती येतं: सावल्या गायब, छत पांढरंफटक, सोफा जमिनीला टेकलाय की तरंगतोय ते कळत नाही, आणि पडद्याचा रंग क्लायंटने पसंत केलेला नाहीच. तेव्हा एकेक कलम घेऊ.

"अंधार दिसतोय, तर तीव्रता वाढवा."

अंधार दिव्यांच्या कमतरतेमुळे आहे, हे आधी सिद्ध व्हायला हवं. बहुतेक वेळा तसं नसतं. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १ लाख लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडतो, आणि संध्याकाळी दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत १०० ते ३००. म्हणजे काहीशे पटींचा फरक. आपल्या डोळ्यांना तो जाणवतही नाही, कारण डोळे जुळवून घेतात. कॅमेरा आपणहून जुळवून घेत नाही, आणि रेंडर हा शेवटी कॅमेऱ्याने काढलेला फोटोच असतो. उन्हातल्या फोटोसाठी छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/१६ (लेन्सच्या भोकाचं माप), शटर सेकंदाचा शंभरावा भाग. हेच आकडे ठेवून रात्रीच्या बेडरूमचा फोटो काढा, जवळजवळ काळा येईल. कॅमेरा किती उजेड घेतो ते स्टॉपमध्ये मोजतात: एक स्टॉप म्हणजे दुप्पट, आठ स्टॉप म्हणजे २५६ पट. ऊन आणि घरातला उजेड यांच्यात एवढं अंतर सहज असतं.

सॉफ्टवेअरमधला कॅमेरा उन्हाला साजेशा एक्सपोजरवर, म्हणजे उजेड आत घेण्याच्या मापावर, बसलेला असेल, तर दोन मार्ग उरतात: एक्सपोजर उघडा, किंवा प्रत्येक दिवा २५६ पट करा. सल्ला दुसरा मार्ग सांगतो. त्या दिवशी त्याने काम भागतं. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीचा सकाळचा व्ह्यू काढायला घेतला, खिडकीतून सूर्य आत सोडला, की टेबल लॅम्प सूर्याशी बरोबरी करायला लागतो. आकडे जाऊ द्या, दिव्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाणच गेलं, आणि उजेड खरा वाटतो तो त्या प्रमाणामुळे.

म्हणून क्रम उलटा हवा. जुना ६० वॉटचा बल्ब सुमारे ८०० लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) द्यायचा, आजचा ९ वॉटचा एलईडीही जवळपास तेवढाच देतो. सॉफ्टवेअर लुमेन घेत असेल तर ८०० लिहा, हात आवरा, आणि एक्सपोजर सरकवा. ब्लेंडरमध्ये मात्र जपून. तिथल्या लाइटच्या रकान्यातला वॉट म्हणजे बल्बच्या खोक्यावर छापलेला वॉट नव्हे. तो बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा वॉट आहे, आणि ८०० लुमेन पांढऱ्या उजेडात असा प्रकाश जेमतेम दोन-तीन वॉट असतो. तिथे ६० लिहिणारा माणूस वीस-पंचवीस पट उजेड ओततो आणि मग लॅम्पशेड पांढरीफटक का झाली म्हणून विचारत बसतो.

याच कलमाखाली आणखी एक गोष्ट तपासायची, ती म्हणजे मॉडेलचं माप. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. १० फुटांची खोली इम्पोर्ट करताना १० मीटरची झाली, तर प्रत्येक अंतर सव्वातीन पट वाढतं आणि भिंतीवरचा उजेड जवळजवळ ११ पट घटतो. स्क्रीनवर खोली हुबेहूब तशीच दिसते, कारण कॅमेराही त्याच प्रमाणात लांब गेलेला असतो. लुमेन बरोबर, एक्सपोजर बरोबर, तरी अंधार, अशी तक्रार असेल तर मी दिव्यांना हात लावण्याआधी दाराची उंची मोजून बघायला सांगतो.

"कोपरे काळे राहिले तर मधोमध एक न दिसणारा लाइट टांगा."

माझा खरा आक्षेप या कलमाला आहे.

कोपरे काळे का राहतात ते आधी बघू. खोलीतला बराचसा उजेड दिव्याकडून थेट येतच नाही. तो भिंतीवर, छतावर, फरशीवर आपटून, पुन्हा आपटून येतो. ही परतणारी किरणं किती वेळा मोजायची याला सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा असते. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये खरखरीत, न चमकणाऱ्या पृष्ठभागांसाठी ती मर्यादा मुळात ४ ठेवलेली असते. मोकळ्या जागेला ती पुरते. फिकट भिंतींच्या बंद खोलीत किंवा वळण घेऊन जाणाऱ्या पॅसेजमध्ये पाचव्या-सहाव्या आपटीनंतरही उजेड शिल्लक असतो, तो हिशेबातून गळतो आणि कोपरा काळवंडतो. मर्यादा ८ किंवा १२ करून बघा, नवा लाइट न टाकता कोपरा उघडतो. फार तेजस्वी किरणं छाटणारं क्लॅम्प नावाचं सेटिंगही असंच चोर आहे: ठिपके घालवण्यासाठी ते फार खाली आणलं तर ठिपक्यांबरोबर खरा उजेडही कापला जातो.

दुसरं कारण खिडकीची काच. सायकल्ससारख्या इंजिनात काचेला साधा ग्लास शेडर (काचेचं मटेरियल) दिला, तर सूर्यावरून निघालेल्या थेट उजेडाच्या वाटेत ती काच अडथळा ठरते. फरशीवर उन्हाचा स्वच्छ पट्टा पडायच्या ऐवजी मळकट सावली किंवा पांढरे ठिपके येतात. खरी साधी काच सुमारे ९० टक्के उजेड आत सोडते. चाचणी सोपी आहे: काच लपवा आणि पुन्हा रेंडर काढा. खोली एकदम उजळली तर दोष काचेचा. सावलीच्या किरणांपुरती काच पारदर्शक करा किंवा रेंडरपुरती काढूनच टाका. आकाशाचा उजेड खिडकीतून नीट यावा म्हणून तिथे पोर्टल, म्हणजे उजेड कुठून येतो ते दाखवणारी चौकट, लावता येतं. त्याने उजेड वाढत नाही, फक्त आकाश कुठे आहे ते इंजिनाला कळतं आणि नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, कमी होतो.

हे सगळं न बघता मधोमध लाइट टांगला तर काय होतं? सोफ्याच्या पायांखालची, कपाट आणि भिंत यांच्या फटीतली, फ्रेमच्या कडेची बारीक सावली पुसली जाते. वस्तू जागेवर बसलेली वाटते ती या सावलीमुळे. शिवाय छताला आणि चारही भिंतींना सारखाच उजेड मिळाल्याने खोलीचा खोलपणा निघून जातो.

पण चित्र बिघडतं एवढ्यापुरतंच ते नाही. घराचा रेंडर पाहून क्लायंट निर्णय घेतो आणि त्यावरून दिव्यांचे पॉइंट ठरतात. प्लॅनमध्ये चार डाउनलाइट (छतातून खाली उजेड टाकणारे दिवे) आणि रेंडरमध्ये चार अधिक एक अदृश्य, म्हणजे आपण त्याला जी खोली दाखवली ती त्याला मिळणारच नाही. वाचायच्या खुर्चीचा कोपरा चार दिव्यांत अंधारा राहत असेल, तर ते रेंडरमध्येच दिसायला हवं, तिथे एक फ्लोअर लॅम्प सुचवायला हवा. अंधारा कोपरा ही डिझाइनची बातमी असते. ती दाबून टाकणारा लाइट मला मान्य नाही.

आता दुसरी बाजू. इंटिरियरचे फोटोग्राफरही जादा दिवे आणतातच, हे खरं. पण ते दिवा खोलीच्या मधोमध टांगत नाहीत. खिडकीबाहेर मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी पेटी) लावतात किंवा कॅमेऱ्यामागच्या छतावर झोत मारून उजेड परतवतात. म्हणजे आधीच जिकडून उजेड येतोय तिकडूनच थोडा आणखी. भर घालायचीच असेल तर रेंडरमध्येही तशी घालावी. आणि जी रिअल-टाइम (ताबडतोब चित्र दाखवणारी) इंजिनं परतीचा उजेड अंदाजानेच काढतात, त्यांत कधीकधी असा आधार द्यावा लागतो, हेही मान्य. तो क्लायंटला सांगून द्यावा, एवढंच.

या सल्ल्यात दिव्याच्या झोताबद्दल एक शब्द नाही, याचंही आश्चर्य वाटतं. डाउनलाइटच्या जागी साधा पॉइंट लाइट (सगळ्या दिशांना सारखा उजेड टाकणारा) ठेवला की उजेड वरही जातो आणि छतावर नको तिथे डाग पडतो. ३६ अंशांचा स्पॉट २.१ मीटर उंचीवरून जमिनीवर सुमारे १.३५ मीटर व्यासाचं वर्तुळ टाकतो; दोन स्पॉटमधलं अंतर किती ठेवायचं ते यावरून कळतं. दिवे बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आयईएस फाइल देतात. तिच्यात त्या दिव्याचा उजेड कोणत्या कोनात किती जातो हे मोजून लिहिलेलं असतं. ती जोडली की भिंतीवर जी कमान उमटते, ती दहा पॉइंट लाइट टाकूनही येणार नाही.

"भिंती शुद्ध पांढऱ्या करा."

उजेड वाढेल हे खरं, पण किती वाढेल याचा अंदाज सल्ला देणाऱ्याला नसतो. सगळे पृष्ठभाग सारखे असलेली बंद खोली धरा. प्रत्येक आपटीला भिंत काही टक्के उजेड परत करते, त्याचा काही टक्के पुन्हा, असं करत बेरीज होते. भिंत ५० टक्के परत करत असेल तर खोलीतला एकूण उजेड दिव्याच्या उजेडाच्या २ पट होतो. ८० टक्के असेल तर ५ पट, ९० टक्क्यांना १०, ९५ टक्क्यांना २० पट. ८० वरून ९५ वर जाणं डोळ्यांना किरकोळ वाटतं, पण उजेड चौपट होतो. तो सगळा वाढीव उजेड दिशाहीन असतो, त्यामुळे सावल्या धुऊन निघतात. आणि भिंतीचा रंग २५५, २५५, २५५ (लाल, हिरवा, निळा तिन्ही पूर्ण) ठेवला तर भिंत १०० टक्के परत करते, म्हणजे उजेड फक्त आपट्या मोजायच्या मर्यादेमुळे थांबतो.

खरा पांढरा पेंट साधारण ८० ते ८५ टक्के उजेड परत करतो. कलर पिकरमध्ये तिन्ही आकडे २३१च्या आसपास ठेवले की ८० टक्के होतात. स्क्रीनवर तो रंग राखाडी वाटेल, घाबरू नका, रेंडरमध्ये तो पांढराच दिसतो.

याच्या जोडीला "छतावर लाकडाचा तांबूस रंग उतरलाय, घालवू कसा?" हा प्रश्न येतो. घालवू नका. १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी रंगीत भिंतींच्या साध्या खोक्यावर हेच दाखवलं होतं, की रंगीत भिंतीवरून परतणारा उजेड शेजारच्या पांढऱ्या भिंतीला रंग देतो. फारच भडक वाटत असेल तर लाकडाच्या टेक्स्चरचा गडदपणा आणि रंगाचा जोर तपासा, तो बऱ्याचदा खऱ्यापेक्षा जास्त असतो.

"सगळे लाइट एकाच पांढऱ्या रंगाचे ठेवा."

जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड सुमारे २७०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तसा उजेड निळसर), दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास, निरभ्र आकाशाचा १०,००० किंवा त्याहून वर. संध्याकाळच्या खोलीत खिडकी निळसर आणि लॅम्प उबदार दिसतो, कारण कॅमेरा दोघांना एकाच वेळी पांढरं करू शकत नाही. हा फरक ठेवला तर आत-बाहेर कळतं, काढला तर खोली शोरूमच्या ट्यूबलाइटखाली गेल्यासारखी वाटते. एकूण चित्र फार पिवळं वाटलं तर दिव्यांचा रंग बदलू नये, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स बदलावा.

आणि "खरे रंग" म्हणजे नेमके कोणते? घरात ३००० केल्विनचे दिवे बसणार असतील तर सागवानी व्हीनियर आणि राखाडी टाइल त्या दिव्यांखाली जशी दिसेल तेच क्लायंटसाठी खरं. मटेरियल तपासण्यापुरता तटस्थ पांढऱ्या उजेडातला वेगळा रेंडर जरूर काढा. तो सजावटीचा व्ह्यू म्हणून देऊ नका.

"सॅम्पल्स वाढवा."

सॅम्पल्सने नॉइज कमी होतो, उजेड वाढत नाही. नॉइज निम्मा करायला सॅम्पल्स चौपट लागतात, त्यामुळे हा मार्ग लवकर महाग पडतो. चुकीचा उजेड ४००० सॅम्पल्सना फक्त स्वच्छ चुकीचा दिसतो.

"उरलेलं फोटोशॉपमध्ये."

फाइल कोणती यावर ते अवलंबून आहे. जेपीजीमध्ये खिडकी एकदा २५५ला टेकली की तिच्या आत काहीच उरत नाही, स्लायडर कितीही ओढा, राखाडी चौकोनच मिळतो. ओपन ईएक्सआर फाइलमध्ये त्या खिडकीचे खरे आकडे टिकतात आणि बाहेरचं झाड परत आणता येतं. टोन मॅपिंगही, म्हणजे उजेडाचे खरे आकडे स्क्रीनवरच्या रंगांत बसवण्याची पद्धत, बघायला हवं. ब्लेंडरने ४.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, एजीएक्स ही पद्धत मूळ सेटिंग म्हणून दिली, कारण त्यात तेजस्वी भाग हळूहळू पांढरे होतात. जुनी स्टँडर्ड पद्धत निवडून ठेवलेल्या फाइलवर "छत भाजलंय", म्हणजे पांढरंफटक झालंय, अशी तक्रार आली तर आधी तो मेनू उघडा.

नंतरच्या कामासाठी माझी पसंती लाइट मिक्सला आहे. कोरोना, व्ही-रे आणि सायकल्स या इंजिनांमध्ये दिव्यांचे गट वेगवेगळे साठवता येतात, आणि एकाच रेंडरमधून कोव्ह (छताच्या कडेला लपवलेला दिवा) बंद, स्पॉट मंद, फक्त लॅम्प चालू असे व्ह्यू काढता येतात. क्लायंटला स्विचबोर्ड कसा वाटून हवा हे ठरवायला याहून सोयीचं काही नाही. फक्त एखादा गट तिथे ५ पट करावा लागला, तर त्या दिव्याचे लुमेन ५ ने गुणून कॅटलॉगमध्ये शोधा. तेवढा दिवा त्या मापात मिळत नसेल, तर प्लॅनमध्ये आणखी एक पॉइंट द्यावा लागेल.